एकटीचा रकाना

अमरावतीला बायकांच्या एका दवाखान्यात मी सात वर्षं सशिणी सांभाळल्या. आता हे सांगितलं की लोक हसतात. माझ्या भाचीची मुलगी तर म्हणाली, "आजी, तू सर्कशीत होतीस का?" तिच्या हातात तेव्हा रक्ततपासणीचा कागद होता. गर्भ राहिला की रक्तात जे संप्रेरक उतरतं, त्याचा आकडा त्यावर छापलेला. डॉक्टरांनी तिला दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं होतं. आकडा दुपटीच्या आसपास गेला तर गर्भ बहुधा जागेवर आहे, रेंगाळला तर नळीत अडकला असेल, नीट पाहावं लागेल. तिचा आकडा चांगला वाढला. पेढे वाटले. मी मात्र त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसले. दोन दिवस! एवढी यंत्रं आली, तरी थांबायचं दोनच दिवस. आमच्या सशिणीलाही दोनच दिवस लागायचे.

मी मूळची गुहागरकडची. शाळा मराठी तिसरीत सुटली. लग्न झालं, नवरा बोटीवर खलाशी होता, तो आठ महिन्यांत तिकडेच तापानं गेला. थोरल्या बहिणीचे यजमान बडनेऱ्याला रेल्वेत मालगुदामात होते. तिच्या बाळंतपणासाठी म्हणून आईनं मला तिकडे धाडलं. पत्रावर तेव्हा 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं लिहायचे. ते वाचूनच मला वाटायचं की हे गाव आपल्या जगात नाही. बाळंतपण ज्या दवाखान्यात झालं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाळाचे कपडे उकळताना पाहिलं आणि विचारलं, "काम करशील?" पुढे बहीण बदलीवर जबलपूरला गेली. मी राहिले. परत जाऊन भावाच्या घरात एक तोंड वाढवायचं नव्हतं. त्या एका प्रश्नाचे उपकार मी अजून फेडते आहे. आणि तेव्हा रोज सकाळी उठले की पहिली भीती हीच वाटायची, की आज आपल्याला जा म्हणतील.

डॉक्टरीणबाईंना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. मुंबईला शिकलेल्या, बोलणं कमी. दवाखान्यामागच्या कौलारू पडवीत त्यांनी बारा पिंजरे करून घेतले होते.

आता हे काम काय होतं ते सांगते. गर्भ रुजला की त्याच्याभोवती जी वार धरू लागते, ती एक रस सोडते. तो बाईच्या रक्तात येतो आणि लघवीतून बाहेर पडतो. बाईची सकाळची पहिली लघवी गाळून सशिणीच्या कानाच्या शिरेतून टोचायची. दोन दिवसांनी सशिणीला गुंगी देऊन पोटाला लहानसा छेद घ्यायचा आणि तिचे बीजकोश पाहायचे. एरवी त्यावर साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे दिसतात. लघवीत रस असेल तर त्यातले दोनतीन दाणे फुटून कुंकवाच्या टिंबाएवढे लाल डाग पडतात. डाग म्हणजे होकार. मग टाके घालायचे आणि सशिणीला दीड महिना विसावा. इतर ठिकाणी मारून टाकत म्हणे. मोठ्या बाई मारत नसत. "तिनं आपलं काम केलं, आता तिला का मारायचं?" म्हणत.

दिवस राहिलेत का एवढंच कळायला हा खटाटोप नव्हता. ते चार महिन्यांनी आपोआप कळतंच. खटाटोप होता तो दुसऱ्यासाठी. कधीकधी गर्भ पिशवीपर्यंत पोचतच नाही, वाटेतल्या नळीतच रुजतो. नळी ती केवढी, बोरूएवढी. एक दिवस ती फुटते आणि बाई आतल्या आत रक्त सांडून जाते. बाहेरून दिसतं काय, तर थोडं दुखणं आणि थोडं अंगावर जाणं. पोटातली सूज असली तरी असंच दिसतं. सूज असेल तर पोट उघडणं धोक्याचं, आणि नळीत गर्भ असेल तर न उघडणं धोक्याचं. म्हणून मोठ्या बाई एका बाईसाठी दोन सशिणी वापरायच्या. एकीला पुरी मात्रा, दुसरीला पाणी घालून दहावा हिस्सा. दोघींनी होकार दिला तर रस भरपूर, गर्भ बहुधा ठिकाणावर. दोघींनी नकार दिला तर बहुधा सूज. पुऱ्या मात्रेवालीनं हो म्हटलं आणि दहाव्या हिश्श्यावालीनं नाही, तर रस आहे पण थोडा. तो नळीचा संशय. असं आमचं मोजमाप. आकडा नव्हता, दोन मुकी जनावरं होती.

अकोल्याहून बाटल्या रेल्वेनं यायच्या. एक वकीलसाहेब स्वतः बाटली घेऊन आले, रुमालात गुंडाळून, कोणाला दिसू नये म्हणून. बाटली आधी फिनेलची होती हे त्यांनी सांगितलं नाही. सशीण घटकाभरात गेली. मी रडायच्या बेतात, आणि हे मला उलटतपासणी घेतल्यासारखं विचारतात, "ससा मेला, याचा अर्थ होकार समजायचा की नकार?" मोठ्या बाई आतून म्हणाल्या, "याचा अर्थ दुसरी बाटली. धुतलेली."

सशिणींचा नियम एकच होता, पण कडक. टोचण्याआधी एकवीस दिवस ती एकटी हवी. पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी मला समजावलं होतं, "नर नकोच, पण दुसरी मादीही नको. मादीसुद्धा मादीवर चढते, आणि खालचीचं बीज तेवढ्यानंही फुटतं. मग तो लाल डाग कशाचा हे कोणाला कळणार?" त्यासाठी वहीत एक रकाना होता: एकटी, किती दिवस. तो रोज मी भरायची. मराठी तिसरीची माझी विद्या त्या रकान्यात कामी आली.

पिंजऱ्यांना आकडे होते. मी मात्र मनातल्या मनात त्यांना आमच्याकडच्या गावांची नावं दिली होती. अंजनवेल, वेळणेश्वर, पालशेत, हेदवी. सकाळी पाला टाकताना एकेकीला हाक मारत गेलं की किनाऱ्यानं चालत गेल्यासारखं वाटायचं. दवाखान्यातल्या बायका माझ्या बोलण्याची नक्कल करायच्या. आमची रखमा आया म्हणायची, "काय व कोकणी, तुले समुद्रातून मासळीसंगं आणलं काय?" मायेनंच म्हणायची. पण समुद्र म्हटलं की मला दिवसभर काही सुचायचं नाही.

पौषातली दुपार होती. सकाळी आईचं पत्र आलं होतं. भावानं लिहिलेलं, पण शब्द तिचे. 'आंब्याला मोहोर आला आहे. तुझा पाट अजून मांडते आणि उचलते.' एवढंच. मी पिंजरे धुवायला घेतले. एकेक सशीण बाहेरच्या जाळीच्या कुंपणात उन्हाला सोडायची, पिंजरा धुवायचा, परत ठेवायची, असा क्रम. हेदवी उन्हात अंग चोरून बसली होती. चोवीस दिवसांत तिला दुसऱ्या सशाचा स्पर्श नव्हता. पालशेत आणि हेदवी ही तशी शेजारचीच गावं. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी पालशेतला उचललं आणि तिच्याजवळ ठेवलं. दोघी एकमेकींना चिकटून बसल्या, कानाला कान लावून. मी तिथेच बसून त्यांच्याकडे बघत राहिले. जरा वेळानं पालशेत हेदवीवर चढली. मी धावत जाऊन तिला ओढली, दोघींना आपापल्या पिंजऱ्यात घातलं. म्हटलं, इतक्यात या दोघींची पाळी नाही. वहीत चोवीसच लिहिले.

त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत दर्यापूरकडच्या एका खेड्यातून वच्छलाला आणलं. विशीबाविशीची, रंग उडालेला, सोबत सासू. सासूनं दारातच सुरू केलं, "चार दिवस बाजूले बसली. मंग आठ झाले. आता बारा झाले, तरी न्हायाचं नाव नाही. पोटात दुखते म्हणते. कामाच्या नावानं दुखते का खरंच दुखते, ते तुमीच पाहा."

म्हणजे त्या पोरीचं जे अंगावर जात होतं ती पाळी धरून, घरच्यांनी तिला बारा दिवस वेगळी बसवली होती. मोठ्या बाईंनी तपासलं. डाव्या अंगाला हात लावू देईना. सूज की नळी, सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी घेतली. अंजनवेल आणि वेळणेश्वर शिंकत होत्या, बाकीच्या टाक्यांच्या किंवा एकवीस दिवस न झालेल्या. मोठ्या बाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "तीन आणि चार आण."

तीन हेदवी. चार पालशेत. तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर फार तर बोलणी बसली असती, काम गेलं असतं. पण मी पिंजरे उघडले आणि दोघींना घेऊन आले. हेदवीला पुरी मात्रा गेली, पालशेतला दहावा हिस्सा. मी दोघींचे कान धरून उभी होते.

सासूबाई दारातून बघत होत्या. "ससा सांगते काय पोटातलं? आमच्या गावचा भगत बी इतकी मोठी थाप मारत नाही."

"ससा थाप मारत नाही, मावशी," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्याला येतच नाही."

दोन दिवसांनी सकाळी छेद घेतला. पालशेत स्वच्छ, सगळे दाणे पांढरे. हेदवीच्या उजव्या बीजकोशावर दोन लाल डाग.

मोठ्या बाईंनी श्वास सोडला. "रस आहे, पण थोडा. नळीच." मग नेहमीचा प्रश्न, जो त्या प्रत्येक वेळी विचारायच्या. "एकटी किती दिवस?"

"चोवीस," मी म्हटलं.

"मग आजच उघडू. हत्यारं उकळायला टाक. तिला काही खायला देऊ नका म्हणावं."

तो निरोप द्यायला मी वच्छलाच्या खाटेपाशी गेले. सासू पाणी आणायला गेली होती. वच्छलानं माझं मनगट पकडलं. "बाई, तुह्या सशानं काय सांगतलं?"

मी म्हटलं, "मोठ्या बाई सांगतील."

"पोट फाडतात काय वो? फाडल्यावर वाचतात काय?" तिचा हात गार होता. "मले लय भेव लागून राहिला. मायी माय तिकडं चांदूर रेल्वेपाशी. तिले तं मालूम बी नाही. तू जरा जवळ बस ना."

मी बसले. तिच्याजवळ बसून मला कळलं की मी काय केलं आहे. डाग जर पालशेत वर चढल्यानं पडले असतील, तर हिच्या पोटात गर्भ नाहीच, नुसती सूज आहे, पू आहे. आणि माझ्या चोवीसच्या आकड्यावर विसंबून तिचं पोट उघडणार. त्या काळी पू असलेलं पोट उघडलं की विष सगळीकडे पसरायचं. आताच्यासारखी औषधं नव्हती. तिनं माझा हात सोडला तेव्हा मी उठले आणि सरळ हात धुवायच्या मोरीपाशी गेले.

मोठ्या बाई कोपरापर्यंत साबण लावत होत्या. मी सांगून टाकलं. पत्र, ऊन, सगळं. त्यांनी नळ बंद केला.

"कोणती वर होती?"

"पालशेत."

"कोण पालशेत?"

"चार नंबर." मला रडू फुटलं. "मी त्यांना आमच्याकडच्या गावांची नावं दिलीत."

त्यांनी हात पुसले. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "वही आण. खरं लिही."

मी चोवीसवर रेघ मारली आणि शून्य लिहिलं. तीन आणि चार, दोघींसमोर.

तोवर दोन सशिणींचे एकवीस दिवस भरले होते. नवी लघवी, नवं टोचणं, पुन्हा दोन दिवस. मोठ्या बाईंनी वच्छलाची खाट आपल्या खोलीसमोर आणवली, हत्यारं उकळून झाकून ठेवली आणि मला म्हणाल्या, "तू हिच्यापासून हलायचं नाहीस. पोटात रक्त सांडलं की खांद्यात कळ येते. खांदा दुखतो म्हणाली, घाम आला, डोळे फिरवले, तर धावत यायचं."

मी हलले नाही. त्या दोन दिवसांत वच्छलानं मला तिचं अख्खं माहेर सांगितलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आंब्याच्या रसाची जेवणं होतात. भाऊ बैलांचं खाचर जुंपून न्यायला येतो, आणि बैल इतके माजलेले, की एकदा तिला नाल्यात पाडलं. मी तिला समुद्र सांगितला. तिला तो पटला नाही. "एवढं पाणी हाये अन् खारं? मंग काय कामाचं व?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, बोलता बोलता, ती म्हणाली, "खांदा काहून दुखून राहिला?"

मी धावले. परत येईपर्यंत तिचे ओठ कागदासारखे झाले होते. नळी फुटली होती.

त्या तासाभराचं मी फारसं सांगू शकत नाही. पोट उघडलं तर रक्तानं भरलेलं. बाहेरचं रक्त मिळण्याची सोय नव्हती. मोठ्या बाईंनी तिचंच रक्त वाटीनं उपसलं, आठ पदरी जाळीच्या कापडातून गाळून, गोठू नये म्हणून त्यात औषध घातलं आणि तिच्याच शिरेत परत सोडलं. कापड मी धरलं होतं. हात हलला तर मोठ्या बाई नुसतं "धर" म्हणायच्या. कधीतरी वच्छलाच्या नखांखाली किंचित गुलाबी रंग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या सशिणींचा छेद घेतलाच. आता काय गरज, असं मला वाटलं. "वहीला गरज आहे," त्या म्हणाल्या. पुऱ्या मात्रेवालीला लाल डाग. दुसरी स्वच्छ. म्हणजे नळीच. हेदवीनं सांगितलं होतं तेच.

मी म्हटलं, "मी गप्प राहिले असते तर तिला एवढं सोसावं लागलं नसतं."

मोठ्या बाई टाके घालत होत्या. "हेदवी त्या पोरीमुळे बोलली की तुझ्यामुळे, ते देवालाही सांगता येणार नाही. तू गप्प राहिली असतीस तर तिचे दोन दिवस वाचले असते. आणि मग तुझ्या एकाही सशिणीवर विसंबण्यात अर्थ उरला नसता, आणि ते मला कळलंही नसतं." टाका ओढून म्हणाल्या, "तीन नंबरची हेदवी ना? आता तिला दीड महिना विसावा आहे. टाके भरले की चार नंबरला तिच्याबरोबर ठेवलीस तरी चालेल."

मला त्यांनी काढलं नाही. त्यानंतर वहीत माझ्या हातून एकही खोटा दिवस गेला नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

वच्छला महिनाभर खाटेवर होती. घरी जाताना म्हणाली, "तुह्यं माहेर लय दूर. आखाजीले माह्या संगं माह्या माहेरी ये." मला वाटलं, बोलायची रीत. पण आखाजीच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ खरोखर दवाखान्याच्या दारात उभा. "ताईनं तुमाले आणाले सांगतलं. नाही आल्या तं मले घरात घेणार नाही म्हणे." मोठ्या बाईंनी रजा दिली. चांदूर रेल्वेला उतरून खाचरानं गेलो. वच्छलाच्या आईनं माझ्या पायावर पाणी घातलं, पुढ्यात ताट ठेवलं, आणि त्या ताटाखाली पाट होता. मी मान खाली घालून जेवले. आत काय सलत होतं ते मी कोणाला सांगू शकत नव्हते. ज्या बाईनं त्यांच्या लेकीला मरणाच्या दारात दोन दिवस बसवलं, तिला ते लेक म्हणून जेवू घालत होते.

असं मी चार आखाज्या जेवले. पुढे वच्छलाला मुलगी झाली, उरलेल्या एका नळीवर. आमच्या दवाखान्यातच. त्या वेळी दोन्ही सशिणींनी होकार दिला होता.

मग मोठ्या बाई थकल्या. दवाखाना दुसऱ्यांच्या हाती गेला. सशिणींऐवजी बेडूक वापरतात, ते स्वस्त पडतं, अशी हवा आली. आईचे डोळे गेले होते, भावानं मला बोलावून घेतलं. निघण्याआधीच्या आखाजीला मी ठरवून गेले. निंबाखाली आम्ही दोघीच बसलो होतो, तिची मुलगी झोक्यावर. मी वच्छलाला सगळं सांगितलं. ऊन, पालशेत, चोवीस, शून्य.

ती मुलीला झोका देतच राहिली. "मले सारं मालूम हाये."

"कोणी सांगितलं?"

"डॉक्टरीणबाईनं. टाके काढताच सांगतलं. म्हणे, तुह्यं पोट हाये, तुले मालूम पाहिजे. सासूबाई तं उठल्याच होत्या, त्या कोकणीले हाकला म्हणून. मी म्हटलं, तिनं नसतं सांगतलं तं कोणाले समजलं असतं?"

"मग तू मला माहेरी कशाला बोलावत राहिलीस?"

तिनं झोका धरला. "दोन ससे घडीभर संगं बसवले तं एवढा गुन्हा झाला म्हणते. मी बारा दिवस बाजूले बसली होती, बाई. पाणी बी वरून टाकत. एकटं बसल्यानं काय होते, ते त्या वहीले काय मालूम? मले इचार." आणि पोरीला पुन्हा झोका दिला. "तवाच मनात म्हटलं, ज्या बाईले सशाचं एकटेपण पाहवलं नाही, तिले मी आखाजीले एकटी बसू देणार नाही."

त्याला आता किती वर्षं झाली. मी परत गुहागरला आले. आईचा पाट मांडायला मीच उरले, मग तोही उचलला. इथे समुद्र दारात आहे, रात्रंदिवस बोलतो, आणि मला त्याचं काही अप्रूप राहिलं नाही. वच्छला तिच्या मुलीकडून पत्रं लिहवायची, ती यायची थांबली. खूप दिवस झाले.

आंबे उतरवले की मी अजून एक ताट जास्त वाढते. शेजारची सून विचारते, कोण येणार आहे? मी म्हणते, चांदूर रेल्वेकडची. लांबचं आहे, वेळ लागतो.